पडवीतला जॅझ: पहिल्यांदा जॅमला बसणाऱ्यांसाठी

पावसाळ्यात आमच्याकडे मालवणात पडवीत जॅम बसतो, म्हणजे आधी तालीम न करता सगळ्यांनी जमून एकत्र जॅझ वाजवायचं. साधारण जून-जुलैचे रविवार, कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढून ठेवलेल्या, टुरिस्ट नाहीत, आणि आमचा पखवाजी तेव्हाच काय तो मोकळा सापडतो. एक कीबोर्ड, एक पेटी, एक गिटार, एक बेस गिटार, लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवणारे एक काका, आणि कधीतरी गोव्याहून कोणी सॅक्स घेऊन येतो. दर वेळी कोणीतरी नवीन मुलगा किंवा मुलगी कोपऱ्यात वाद्याची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली असते आणि चहाच्या वेळी हळूच विचारते की मला पण वाजवायचंय पण मला जॅझ येत नाही, आधी काय शिकू? दर वेळी अर्धवट सांगून होतं आणि परत वाजवायला सुरुवात होते, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतोय.

माझं उत्तर एकच असतं. आधी सम सांभाळायला शिका (आवर्तन म्हणजे एक पूर्ण फेरी, तिची पहिली मात्रा ती सम), म्हणजे आपण आवर्तनात आत्ता कुठे आहोत हे डोक्यात पक्कं ठेवायला शिका, सूर त्याच्यानंतर. आणि ज्याने लहानपणापासून भजनात झांज धरलीय, गणपतीत रात्री अकरापर्यंत आरत्या म्हटल्यात, त्याची यातली निम्मी तयारी झालेलीच असते, फक्त त्याला ते कोणी सांगितलेलं नसतं.

हे मी अनुभवावरून सांगतोय. मी पहिल्यांदा गोव्यात एका जॅमला गेलो तेव्हा घरी दोन महिने स्केल (सुरांचे आरोह-अवरोह) घोटून गेलो होतो, बोटं पळत होती. सोलो, म्हणजे एकट्याने पुढे होऊन वाजवायची पाळी, सुरू केला, पहिले आठ बार (बार म्हणजे चार मात्रांचा तुकडा) मस्त गेले आणि नवव्या बारला बेसवाला कुठेतरी भलतीकडेच गेला असं मला वाटलं. तो बरोबर होता, मीच हरवलो होतो. पुढचं अख्खं आवर्तन मी चाचपडत काढलं. ड्रमवाल्या दादांनी माझ्याकडे बघून ओठांनी मोजायला सुरुवात केली, आणि पुढच्या आवर्तनाच्या समेवर मान हलवून अशी जोरात दिली की मला एकदम उभं राहायला जागा सापडली. तो माणूस मला आजपण आठवतो. त्या दिवशी स्केलने काही वाचवलं नाही, मोजण्याने वाचवलं.

सुरुवात बारा बारच्या ब्लूजने करा

जगात कुठल्याही जॅमला गेलात तरी जे नक्की वाजतं ते ब्लूज, अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्यातून आलेला साचा. एक बार म्हणजे ४ मात्रा, असे १२ बार, म्हणजे ४८ मात्रांचं एक आवर्तन, ह्याला जॅझवाले कोरस म्हणतात (भजनातले कोरस म्हणजे मागे म्हणणारे, त्याच्याशी गल्लत करू नका). हे आवर्तन गोल गोल फिरत राहतं. आधी सगळे मिळून मूळ चाल वाजवतात, तिला हेड म्हणतात, मग एकेक जण सोलो घेतो, आणि शेवटी परत हेड. अभंगाचं ध्रुवपद धरून बुवा मधे आलापी करतात आणि परत ध्रुवपदावर येतात, तसंच आहे हे, फक्त इथे बुवा सगळेच, आळीपाळीने.

की, म्हणजे सा कुठे धरायचा ते, बहुतेक वेळा एफ, म्हणजे आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी चार (पांढऱ्या पट्ट्यांतली चौथी), नाहीतर बी फ्लॅट, म्हणजे काळी पाच. ट्रंपेट-सॅक्सवाल्यांना ह्या सोप्या पडतात म्हणून. पांढरी चारला सा धरा, मग आवर्तन असं: ४ बार सा, २ बार म, २ बार सा, १ बार प, १ बार म, शेवटचे २ बार सा. एवढंच. जॅझवाले त्यात पुढे बरीच कलाकुसर करतात, नवव्या-दहाव्या बारला वेगळे कॉर्ड (एकदम वाजणारे सुरांचे झुबके) घालतात, पण सांगाडा हाच राहतो आणि पहिले सहा महिने हा सांगाडा पुरतो.

पाठ कसं करायचं तर वाद्य बाजूला ठेवा. संध्याकाळी वाळूत चालायला जा आणि पावलांवर मोजा: एक दोन तीन चार, दोन दोन तीन चार, तीन दोन तीन चार, असं बारापर्यंत, प्रत्येक बारचा पहिला आकडा बदलत न्यायचा. पाचव्याला तोंडाने म म्हणा, सातव्याला सा, नवव्याला प. आठवडाभर केलंत की मोजणं बंद होतं आणि नववा बार यायच्या आधी पोटात कळायला लागतं, आता वळण येणार. हे कळणं म्हणजेच तयारी, ह्याच्यासाठी दुसरा शॉर्टकट मला तरी सापडलेला नाही.

ट्रंपेट आणि सॅक्सवाल्यांनी एक लक्षात ठेवा. तुमचं वाद्य लिहिलेल्या सुरापेक्षा वेगळा सूर देतं. कोणी एफ ब्लूज म्हणालं तर ट्रंपेट आणि टेनर सॅक्सने आपला जी धरायचा, ऑल्टोने डी. आमचे काका पहिल्या दिवशी एफच धरून बसले आणि दोन आवर्तनं सगळे एकमेकांकडे बघत राहिले, कोणाला कळेना काय बिनसलंय.

दोन बोटांचे कॉर्ड

पेटी किंवा कीबोर्ड असेल तर हे नीट वाचा, गिटारवाल्यांनी पण वाचा. चार-चार सुरांचे जड कॉर्ड दाबायची गरज नाही. सा तुम्हाला बेसवाला देतोच. कॉर्डची ओळख त्याच्या दोन सुरांत असते, तिसरा आणि सातवा, म्हणजे त्या कॉर्डचा शुद्ध ग आणि कोमल नि. एफ सेव्हनमध्ये, म्हणजे सा वरच्या कॉर्डमध्ये, ते म्हणजे पांढरी सहा आणि काळी दोन. ही दोन बोटं ठेवा. आता म वर जायचंय, बी फ्लॅट सेव्हन, तर दोन्ही बोटं फक्त एक-एक पट्टी खाली सरकवा, काळी-पांढरी दोन्ही धरून बरं का: काळी चार आणि पांढरी दोन. परत सा वर या. आणि नवव्या बारला प, म्हणजे सी सेव्हन, तर मूळ जागेवरून दोन्ही बोटं एक-एक पट्टी वर: काळी पाच आणि पांढरी तीन. झाला अख्खा ब्लूज, दोन बोटं, एक पट्टी खाली, एक पट्टी वर! मला हे कोणीतरी दाखवलं त्या रात्री मी झोपलो नव्हतो, इतकं सोपं आणि इतकं सुंदर आहे ते.

पण दाबून धरायचे नाहीत. पेटीवाल्यांची सवय असते भात्यावर सूर भरून ठेवायची, गाण्यामागे ते लागतंच, इथे मात्र त्याने सगळी जागा भरून जाते आणि सोलोवाल्याला श्वास घ्यायला फट राहत नाही. तुटक द्या, एखादा ठोका, मग गप्प. ह्याला कॉम्पिंग म्हणतात. आणि पेटी, कीबोर्ड, गिटार तिघंही असतील तर तिघांनी एकदम कॉम्पिंग करू नका, एका आवर्तनात एकानेच, बाकीच्यांनी हात मांडीवर ठेवायचे. हात मांडीवर ठेवून बसणं हे पण वाजवणंच आहे, हे मी नवीन मुलांना सगळ्यात जास्त वेळा सांगतो.

टाळी कुठे द्यायची

इथे मात्र आपली सवय आड येते. आरतीत टाळी पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पडते. जॅझमध्ये दुसऱ्या आणि चौथ्या. ड्रमवाल्याचा डावा पाय तिथेच हाय-हॅट (पायाने मिटणाऱ्या दोन झांजा) मिटतो. मेट्रोनोम (लयीत टिकटिक करणारं यंत्र किंवा अॅप) मिनिटाला ६० ला लावा आणि प्रत्येक टिकटिक ही दोन आणि चार आहे असं धरून मधे एक आणि तीन स्वतः म्हणा, म्हणजे लय झाली १२०. पहिल्या दिवशी पाच मिनिटात टिकटिक परत एक-तीनवर येऊन बसते, डोकं तिला तिथे ओढतं. थांबायचं, परत सुरू करायचं. माझा पंधरवडा गेला ह्यात.

दुसरं म्हणजे स्विंग. एका मात्रेचे दोन सूर समान नसतात, पहिला लांब आणि दुसरा आखूड, मध्यम लयीत साधारण दोनास एक. तोंडाने डूऽबा डूऽबा डूऽबा असं म्हणा. लय वाढली की ते समान होत जातात. दादरा अंगात असेल त्याला हे पटकन समजतं कारण प्रत्येक मात्रेच्या पोटात तिघं बसलेले असतात. आमच्या पखवाजीला ताटावर बोटांनी दाखवलं, टिंग, टिंग-का, टिंग, टिंग-का, त्याने दोनदा ऐकलं आणि म्हणाला, "माका फक्त सम खय आसा ता सांग, बाकीचा मी बघतंय." आणि खरंच बघितलंन. ड्रम सेट नसेल तर अडू देऊ नका, कहोन (वर बसून वाजवायची लाकडी पेटी), तबला, पितळी ताट, काहीही चालतं. फक्त एक विनंती, तालवाद्यवाल्यांनी प्रत्येक बाराव्या बारला तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) मारू नका. रात्रीतून एकदा, नेमकी समेवर येणारी, तेव्हा पडवीतले सगळे ओरडतात. दर आवर्तनाला मारलीत तर तिची किंमत जाते.

बेसवाल्यांना थोडक्यात: बारमध्ये ४ सूर, पहिला सूर कॉर्डचा सा, आणि पुढच्या कॉर्डवर शेजारच्या पट्टीवरून जा. एफ वरून बी फ्लॅटला जाताना पांढरी ४, ६, १, ७ आणि मग काळी ५. चालत्या माणसासारखं एकसारखं. तुम्ही डगमगलात की सगळं घर डगमगतं.

सोलो

आता सगळ्यांना ज्याची घाई असते ते. एफ ब्लूजला सूर कुठले? सा, कोमल ग, म, प, कोमल नि. धानी राग ज्यांना माहीत आहे त्यांचं काम झालं, सूर तेच आहेत, चलन मात्र वेगळं. त्यात चव म्हणून तीव्र म, जाता जाता, मुक्काम न करता. आणि गंमत अशी की खाली कॉर्डमध्ये शुद्ध ग असतो आणि वर तुम्ही कोमल ग लावता, ते दोघं एकमेकांना घासतात, आणि त्या घासण्यातच ब्लूजचा जीव आहे. जोग राग गाणाऱ्यांना दोन्ही गंधारांची ही ओढ ओळखीची वाटेल. कोमल गवरून शुद्ध गवर घसरत या एकदा, लगेच कळेल मी काय म्हणतोय.

पहिल्या सोलोला मात्र तीनच सूर घ्या. खरंच तीन. ड्यूक एलिंग्टन ह्या अमेरिकन बँडवाल्याचा १९४२ चा 'सी जॅम ब्लूज' आहे, त्याच्या हेडमध्ये दोनच सूर आहेत, प आणि वरचा सा, आणि ते लोक आजपण जॅमला वाजवतात. लयीत कुठे ठेवता त्याला महत्त्व. बारा बारचे चार-चारचे तीन तुकडे पाडा. पहिल्या तुकड्यात एक वाक्य बोला, दोन बार वाजवा आणि दोन बार गप्प. दुसऱ्या तुकड्यात तेच वाक्य परत, थोडं बदलून. तिसऱ्या तुकड्यात त्याला उत्तर द्या. जुने ब्लूज गाणारे ओळी अशाच रचायचे. गप्प राहायच्या दोन बारमध्ये पेटीवाला किंवा पखवाजी तुम्हाला काहीतरी उत्तर देईल, ते ऐका, आणि पुढचं वाक्य त्याच्यावरून उचला. माझ्या मते जॅम सुरू होतो तो इथे, त्याच्या आधी सगळे शेजारी शेजारी बसून आपापलं वाजवत असतात.

दोन आवर्तनं घ्या, फार तर तीन, आणि आवर्तन संपतानाच थांबा, मधे सातव्या बारला हात उचललात तर पुढच्याला कळत नाही कुठून घ्यायचं. ज्याला द्यायचंय त्याच्याकडे अकराव्या बारला बघा.

सगळ्यांचे सोलो झाले की बऱ्याचदा कोणीतरी चार बोटं वर करतं. म्हणजे ट्रेडिंग फोर्स, चार बार सोलोवाल्याचे, चार बार ड्रमवाल्याचे, सवाल-जवाब. रत्नागिरीकडच्यांनी शक्तीतुरा (दोन पक्षांचा गाण्यातला सवाल-जवाबाचा सामना) बघितलेला असतो, त्यांना सांगावं लागत नाही. फरक एवढाच की तिथे समोरच्याला अडवायचं असतं आणि इथे समोरच्याचा शेवटचा तुकडा उचलून पुढे न्यायचा. डबलबारीची (दोन भजनी बुवांच्या सामन्याची) खुमखुमी घेऊन बसू नका, मला डबलबारी जीव की प्राण आहे तरी सांगतोय. हे चार बार पण आवर्तनातच मोजायचे असतात, ड्रमवाला एकटा वाजवत असला तरी आवर्तन चालूच आहे, तोंडातल्या तोंडात मोजत राहा.

खुणा

बोलायला वेळ नसतो म्हणून हातांवर चालतं. स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला की आता हेडवर चला. बोटं खाली दाखवली तर ज्या कीत तेवढे फ्लॅट (अर्धा सूर उतरलेले) सूर असतात ती की, म्हणजे एक बोट खाली एफ, दोन बी फ्लॅट, तीन ई फ्लॅट, आणि बोटं वर म्हणजे तेवढे शार्प (अर्धा सूर चढलेले). शेवट करताना हेडची शेवटची ओळ बऱ्याचदा तीनदा घेतात आणि थांबतात, तेव्हा समोर बघा, कागदात डोकं घालून बसू नका. अनोळखी ठिकाणी गेलात तर आधी दोन गाणी नुसती ऐका, मग जो चालवतोय त्याला जाऊन सांगा की दादा, मला एक बसायचंय, एफ ब्लूज, मिडीयम लयीत. गाणं, की आणि लय, तीन गोष्टी. कोणी नाही म्हणत नाही, माझ्याबाबतीत तरी आजवर कोणी म्हणालेलं नाही. आणि आपलं झालं की लगेच वाद्य भरून निघून जाऊ नका, बाकीच्यांचं ऐकायला बसा.

हरवलात तर? सगळेच हरवतात. वाजवणं थांबवा, बेस ऐका, पाचव्या बारला म येतो तो अगदी स्पष्ट ऐकू येतो, नाहीतर नवव्याला प, तिथून परत आत शिरा. पुढे मोठा सॅक्सवाला झालेला चार्ली पार्कर पोरवयात, १९३६ साली, कॅन्सस सिटीत एका जॅमला असाच भरकटला आणि जो जोन्स ह्या ड्रमवाल्याने सिंबल (ड्रमची झांज) काढून त्याच्या पायाशी जमिनीवर आपटली. पुढच्या वर्षीचा उन्हाळा पार्करने लेस्टर यंग ह्या सॅक्सवाल्याचे सोलो रेकॉर्डवरून उतरवत काढला. आमच्या पडवीत कोणी काही आपटत नाही, पण रेकॉर्डवरून उतरवणं मात्र तुम्ही पण करा, एक सोलो, आधी तोंडाने पूर्ण गाता आला पाहिजे, मग वाद्यावर.

ऐकायचं म्हणाल तर हे परक्यांचं संगीत आहे असं मनात धरू नका. १९३० च्या दशकात मुंबईत ताजला अमेरिकेतले काळे वादक येऊन वाजवायचे, आणि त्यांच्याकडून ते उचललं ते मुख्यतः गोव्याच्या पोरांनी, जी चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून मुंबईला गेली होती. आल्दोनाचे चिक चॉकलेट, खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, ट्रंपेट वाजवायचे. आपल्या संगीतकार सी. रामचंद्रांनी त्यांना सोबत घेतलं आणि १९५१ च्या 'अलबेला'त त्यांचा बँड पडद्यावर पण दिसतो, भगवानदादांच्या नाचामागे. आमच्या घरात आजी ती गाणी गुणगुणायची, तिला जॅझ हा शब्द माहीत नव्हता.

ब्लूज बसला की पुढे ट्रंपेटवाल्या माइल्स डेव्हिसचं 'सो व्हॉट' घ्या, १९५९ चं. ३२ बार, आठ-आठचे चार तुकडे. पहिले दोन तुकडे पांढरी दोनच्या सा वर काफी थाट (ग आणि नि कोमल), म्हणजे सगळ्या पांढऱ्या पट्ट्या, तिसरा तुकडा काळी दोनच्या सा वर काफी, चौथा परत पांढरी दोन. सूर शोधायचे नाहीत, पण १६ बार एकाच ठिकाणी काढताना हरवायला फार सोपं जातं, म्हणून मोजण्याची खरी परीक्षा तिथेच होते.

आपल्याकडच्या हवेचं

हे कुठे लिहिलेलं नसतं म्हणून सांगतो. खाऱ्या हवेत गिटारच्या तारा महिन्याभरात गंजतात, वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने पुसा. पेटी कापडात गुंडाळून ओलीच्या भिंतीपासून लांब ठेवा. सॅक्सचे पॅड दमटपणात चिकटतात, पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, औषधाच्या बाटल्यांमधल्या साठवल्या तरी चालतात. पत्र्याखाली जॅम ठेवू नका, पाऊस लागला की बेस ऐकूच येत नाही आणि मग सगळे आवाज चढवत जातात, कौलारू पडवी बरी. आणि लाइट जाणारच आहे, तेव्हा बॅटरीवर चालणारा एक छोटा अँप्लिफायर बेससाठी राखून ठेवा. पेटी, ट्रंपेट आणि ताट ह्यांना लाइट लागत नाही. गेल्या वर्षी एकदा दिवे गेले तेव्हा सोलो मधेच होता, कोणी थांबलं नाही, काळोखात कोणाला कोणाचे हात दिसत नव्हते, खुणा बंद, आणि तरी सगळे बरोबर एकाच बारला हेडवर आले.

श्रावणानंतर आमचं बंद असतं, गणपतीत पखवाजी आणि पेटी दोन्ही भजनाला लागतात, चाकरमानी आलेले असतात. त्या दिवसांत तुम्ही भजनाला जाऊन झांज धरा आणि मनात मोजत राहा. पहिल्यांदा जॅमला याल तेव्हा मोबाइलवर रेकॉर्ड करा, त्याच रात्री ऐकू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी ऐका, स्वतःचं वाजवणं सोडून बेसवर कान ठेवा आणि बार मोजा.